जमिनीवर घट नाही

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातील सर्वांत महत्त्वाची आकृती म्हणजे एक वक्ररेषा आहे, आणि त्या रेषेच्या आतल्या बाजूला काहीही नाही. आडव्या अक्षावर ग्लुइनो नावाच्या, अद्याप कोणीही न पाहिलेल्या कणाचे वस्तुमान आहे. उभ्या अक्षावर न्यूट्रलिनो नावाच्या, तितक्याच न पाहिलेल्या कणाचे. रेषेच्या आतील प्रत्येक बिंदूविषयी माझे विधान असे, की या वस्तुमानांची जोडी निसर्गात असती तर ती आम्हाला दिसली असती, आणि ती दिसलेली नाही. ही रेषा काढायला मला साडेपाच वर्षे लागली. माझे मामा वाईला राहतात. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. त्या साडेपाच वर्षांतल्या प्रत्येक दिवाळीत फराळाची ताटली पुढे करत ते विचारायचे, "सापडला का गं तुझा कण?" आणि मी चकलीचा तुकडा मोडत म्हणायचे, "नाही, मामा." बोलणे तिथेच खुंटायचे, कारण मला जे सांगायचे होते ते त्या एका "नाही"त मावत नव्हते.

हा कण शोधायचाच कशाला, हे आधी थोडक्यात सांगते. जगातले मूलकण दोन जातींचे आहेत: पदार्थ ज्यांचा बनतो ते इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारखे फर्मिऑन, आणि बले ज्यांच्यामार्फत चालतात ते फोटॉन, ग्लुऑन यांसारखे बोसॉन. १९७१ साली मॉस्कोत गोल्फांड आणि लिख्टमान यांनी, आणि त्यानंतर १९७४ मध्ये वेस आणि झुमिनो यांनी, या दोन जातींना एकमेकींत बदलणारी एक सममिती गणितात मांडली. तिला अतिसममिती म्हणतात. आम्ही बोलताना नुसते "सूझी" म्हणतो. ती खरी असेल तर प्रत्येक ज्ञात कणाला दुसऱ्या जातीतला एक जोडीदार असला पाहिजे. इलेक्ट्रॉनचा सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क, ग्लुऑनचा ग्लुइनो. (बारशाला नावे ठेवणाऱ्या आत्या घाईत असाव्यात, असे मला नेहमी वाटत आले आहे.) या जोडीदारांमुळे हिग्ज कणाच्या वस्तुमानाचे एक जुने दुखणे बरे होत होते. पुंजसिद्धान्ताच्या हिशोबाने ते वस्तुमान अवाढव्य व्हायला हवे, आणि ते तसे होऊ नये म्हणून तीसबत्तीस आकड्यांपर्यंत जुळवलेली वजाबाकी गृहीत धरावी लागते. जोडीदार असले की ही वजाबाकी आपोआप होते, फक्त ते फार जड असता कामा नयेत. शिवाय या कुटुंबातला सर्वांत हलका सदस्य, बहुधा न्यूट्रलिनो, टिकाऊ निघाला तर विश्वातल्या कृष्ण पदार्थाचेही उत्तर मिळत होते. एका कल्पनेतून इतकी कामे होत असल्याने, जिनिव्हाजवळ फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली सर्न या प्रयोगशाळेचा, प्रोटॉनांवर प्रोटॉन आदळवणारा, २७ किलोमीटर परिघाचा लार्ज हेड्रॉन कोलायडर उभा राहत होता तेव्हा अनेक मोठ्या माणसांची खात्री होती की सूझी पहिल्या एकदोन वर्षांतच हाती लागेल.

शोधायचा कण दिसणार मात्र नव्हता, आणि या विषयाची खरी गंमत तिथेच आहे. ग्लुइनोंची जोडी निर्माण झाली तर ती क्षणार्धात फुटून क्वार्कांचे झोत आणि दोन न्यूट्रलिनो देईल. झोत डिटेक्टरमध्ये ऊर्जा सोडतील आणि न्यूट्रलिनो कशालाही न शिवता निघून जातील. ते निघून गेले, हे कळणार हिशोबातून. टकरीपूर्वी दोन्ही प्रोटॉन नळीच्या दिशेनेच धावत असतात, आडव्या दिशेला त्यांची गती जवळजवळ शून्य असते. म्हणून टकरीनंतर बाहेर पडलेल्या सगळ्या कणांच्या आडव्या संवेगाची बेरीजही शून्यच यायला हवी. जुन्या दुकानदारांचा रोजमेळ असतो तसे हे आहे. रात्री गल्ला मोजताना जमा आणि खर्च जुळले नाहीत, तर कोणीतरी न दिसता काहीतरी घेऊन गेले आहे. किंवा लिहिणाऱ्याने चूक केली आहे. आमच्या कामातले नव्वद टक्के श्रम या दुसऱ्या शक्यतेवर खर्च होतात, हे बाहेरच्यांना सांगून खरे वाटत नाही.

कोलायडरवरच्या ज्या सीएमएस प्रयोगात मी काम केले त्याचा डिटेक्टर १४,००० टनांचा आहे आणि सेसी नावाच्या फ्रेंच खेड्याखाली सुमारे शंभर मीटर खोलीवर बसवलेला आहे. त्याच्या मधोमध ३.८ टेस्लाचे अतिसंवाही चुंबक आहे, आणि चुंबकाच्या आत कणांची ऊर्जा मोजणारा कॅलरीमीटर. पण आतली जागा मर्यादित असल्याने मधल्या भागातला कॅलरीमीटर थोडा अपुरा पडतो. फार ऊर्जावान झोताचे शेपूट त्यातून निसटून चुंबकाबाहेर येते. ही निसटलेली ऊर्जा मोजली गेली नाही तर रोजमेळात खोटी तूट दिसेल आणि कोणाला तरी न्यूट्रलिनो सापडल्याचा भास होईल. म्हणून चुंबकाच्या बाहेर प्लास्टिक सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या, पाट्यांचा आणखी एक थर लावलेला आहे, आणि त्या पाट्या भारतातल्या गटांनी, कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेने आणि चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाने, तयार केलेल्या आहेत. रात्रपाळीला नियंत्रण कक्षात बसले असताना पडद्यावर त्या थराचा हिरवा चौकोन दिसला की मला उगीचच माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटे.

रोजमेळ खरोखरच जुळत नाही अशा घटनाही पुष्कळ असतात, आणि त्यांत सूझीचा काही संबंध नसतो. झेड बोसॉन हा जुना, ज्ञात कण फुटून दोन न्यूट्रिनो देतो (हे न्यूट्रलिनो नव्हेत, हेही ज्ञात कणच), तेही न दिसता निघून जातात, आणि सोबत झोत असले की चित्र हुबेहूब ग्लुइनोसारखे दिसते. ही घटना वगळता येत नाही. ती किती वेळा घडणार एवढेच आधी काढून ठेवता येते. त्यासाठीची युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. तोच झेड कधी कधी दोन म्युऑनही, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ, देतो, आणि म्युऑन स्वच्छ दिसतात. न्यूट्रिनोंचे प्रमाण म्युऑनांच्या सुमारे सहापट आहे, हे आधीच्या प्रयोगांतून पक्के ठाऊक आहे. मग म्युऑनांच्या घटना गोळा करायच्या, संगणकात त्यांतून म्युऑन पुसून टाकायचे, ते कधी नव्हतेच असे समजून हिशोब पुन्हा मांडायचा, आणि आलेल्या तुटीला योग्य त्या पटीने गुणायचे. दिसलेल्या गोष्टीला मुद्दाम अदृश्य करून, न दिसणाऱ्या गोष्टीचे मोजमाप घ्यायचे.

हे सगळे सोपस्कार अतिरेकी वाटत असतील, तर १९८४ आठवावे. सर्नमधल्याच यूए-१ या प्रयोगाने, ज्याचे प्रमुख कार्लो रुबिया यांना त्याच वर्षी डब्ल्यू आणि झेड बोसॉनांच्या शोधाच्या कामासाठी नोबेल मिळाले, काही विलक्षण घटना जाहीर केल्या: एकीकडे एकच झोत आणि दुसरीकडे मोठी तूट. सैद्धान्तिकांनी स्क्वार्क आणि ग्लुइनोंच्या भाषेत त्यांचे अर्थ लावायला सुरुवातही केली. पुढे लक्षात आले की कोणतीही एकच ज्ञात प्रक्रिया या घटना समजावून देत नसली, तरी अनेक ज्ञात प्रक्रियांचे थोडे थोडे मिश्रण त्या पुरेशा समजावून देते. डब्ल्यूपासून आलेला टाऊ, झेडपासून आलेले न्यूट्रिनो, असे चिमूट चिमूट. ग्विदो आल्तारेल्ली यांनी या मिश्रणाकडे लक्ष वेधले म्हणून त्याला "आल्तारेल्ली कॉकटेल" असे नाव पडले. नव्या विद्यार्थ्याला हा किस्सा पहिल्याच महिन्यात ऐकवला जातो, बोधकथा सांगतात त्या सुरात.

मला तो ऐकवला गेला होता, आणि तरीही माझे व्हायचे ते झालेच. आमच्या पद्धतीनुसार जिथे संकेत अपेक्षित असतो तो भाग शेवटपर्यंत झाकून ठेवतात. विश्लेषणाचे सगळे नियम ठरून, तपासून, गोठवल्यावरच तो उघडतात. तोवर शेजारच्या भागांत रंगीत तालीम करायची. अशाच एका तालमीत मला ज्या रकान्यात जवळजवळ काही नसायला हवे होते तिथे मोजक्या, पण प्रचंड तुटीच्या घटना दिसल्या. रात्रीचे दोन वाजले होते. मी मार्गदर्शकांना कळवले नाही, खोटे कशाला बोलू, आधी तासभर नुसती त्या आलेखाकडे बघत बसले. मग एकेक घटना चित्ररूपात उघडली. पहिलीत तूट डावीकडे, किंचित वर. दुसरीतही डावीकडे, किंचित वर. तिसरी उघडली आणि पोटात खड्डा पडला, कारण तिचाही बाण त्याच दिशेला होता. नळीभोवतीच्या वर्तुळात निसर्गाची कुठलीही लाडकी दिशा नसते. सगळे न्यूट्रलिनो एकाच कोपऱ्यातून पळून जात असतील तर दोष त्या कोपऱ्यात आहे. कॅलरीमीटरच्या बंद पडलेल्या पेशींची यादी वेळोवेळी सुधारली जाते, आणि मी आधीच्या वर्षाची यादी वापरत होते. त्या दिशेला ऊर्जा येत होती, मोजली जात नव्हती. लिहिणाऱ्याची चूक. नवी यादी लावल्यावर रकाना रिकामा झाला आणि मी पहाटे झोपायला गेले.

प्रमाणाची थोडी कल्पना द्यायला हवी. कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा समोरासमोर येतात आणि दर भेटीत काही डझन टकरी होतात. यांतले बहुतेक सगळे तिथल्या तिथे टाकून द्यावे लागते. ट्रिगर नावाची यंत्रणा सेकंदाला हजाराच्या आसपास घटना ठेवते आणि बाकीच्या कायमच्या जातात. २०१५ ते २०१८ या काळात, १३ टीईव्ही ऊर्जेला (एक टीईव्ही म्हणजे साधारण हजार प्रोटॉनांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा), एकूण टकरी झाल्या त्या एकावर सोळा शून्ये एवढ्या. दोन टीईव्हीचा ग्लुइनो खरोखर असता, तर या सगळ्या ढिगाऱ्यात त्याच्या जोड्या निर्माण झाल्या असत्या सुमारे दीडशे. त्यांतल्याही काही आमच्या चाळण्यांतून गळून गेल्या असत्या. तरी उरलेल्या पुरेशा होत्या, कारण त्या कोपऱ्यात बाकीची गर्दी जवळजवळ नसते.

झाकलेला भाग उघडला त्या दिवसाविषयी सांगण्यासारखे फार काही नाही. दूरध्वनीवर वीसेक जण होते, मी एक आज्ञा दिली, दोन मिनिटांनी आलेख आला. काळे ठिपके रंगीत पट्ट्यांवर निमूट बसले होते, जेवढे अपेक्षित तेवढेच. कोणीतरी "छान जुळले आहे" असे म्हणाले. साडेपाच वर्षांच्या कामाचे उत्तर आले होते आणि माझ्या मनात एवढेच आले, की आता जेवायला हरकत नाही.

त्या दिवाळीत मी वाईला गेले तेव्हा प्रबंधाची एक प्रत सोबत नेली होती. मामांनी चष्मा पुसून ती आकृती पाहिली, आणि या खेपेला मी "नाही" म्हणून न थांबता त्यांना सगळे समजावले: संगणकात आम्ही अमुक वस्तुमानाचा ग्लुइनो कल्पनेने घालतो, डिटेक्टरच्या प्रत्येक पत्र्यातून त्याचे तुकडे चालवून पाहतो, तो असता तर किती घटना दिसल्या असत्या ते मोजतो, आणि खऱ्या मोजमापाशी ताडून पाहतो. मामा ऐकत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही तर योग्यानुपलब्धी झाली." मग त्यांनी मला जे सांगितले, ते एखाद्या सांख्यिकीच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायला हरकत नव्हती. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळते? डोळ्यांना जमीन दिसते. "नसणे" तर दिसत नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात की अभावाचे ज्ञान करून देणारे अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे एक स्वतंत्र प्रमाणच, ज्ञानाचे साधनच आहे. पण न दिसणे सरसकट पुरत नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. आणि पिशाच्च दिसले नाही म्हणून ते नाही असेही ठरत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगे नाही. "इथे घट असता, तर ही जमीन दिसते आहे तसा तोही दिसला असता," असे म्हणता येण्याइतका उजेड आणि तशी वस्तू असेल, तरच न दिसण्यातून नसणे सिद्ध होते. ही योग्यता.

माझी साडेपाच वर्षे त्या "असता तर दिसला असता" या अर्ध्या वाक्यात गेली होती, हे मला त्या ओसरीवर पहिल्यांदा नीट समजले. घट नाही, हे वाक्य शेवटच्या दोन मिनिटांतले. उजेड किती होता हे सिद्ध करण्याचे काम बाकी सगळ्या वेळाचे.

मामांनी आणखी एक मजा सांगितली. प्राभाकर मीमांसक हे प्रमाण मानतच नाहीत. त्यांच्या मते घटाचा अभाव म्हणजे वेगळे काही नसून नुसती जमीनच. मला हसू आले, कारण आमच्या क्षेत्रातही हे दोन्ही पंथ आहेत. एक पंथ म्हणतो की सूझीच्या शोधांनी निसर्गाचा मोठा प्रदेश रिकामा असल्याचे ज्ञान दिले. दुसरा म्हणतो, तुम्ही काहीही नवे सांगितलेले नाही, जुन्याच प्रमाणित सिद्धान्ताची जमीन पुन्हा एकदा, जरा जास्त बारकाईने मोजलीत. मी कुमारिलांच्या बाजूची आहे, पण दुसऱ्या पंथाच्या लोकांनाही जेवण माझ्याइतकेच गोड लागते, हेही खरे.

योग्यतेची अट मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गळून पडते. "सव्वादोन टीईव्हीपर्यंत ग्लुइनो नाही" असे आपण वाचतो. त्यामागे अटी असतात: ग्लुइनो नेहमी अमुक एकाच पद्धतीने फुटतो, न्यूट्रलिनो हलका आहे, बाकीचे सगळे जोडीदार आवाक्याबाहेर आहेत. न्यूट्रलिनो जवळपास ग्लुइनोइतकाच जड असेल, तर फुटताना झोतांना ऊर्जाच उरत नाही, रोजमेळात फारशी तूट पडत नाही, आणि आमचा दिवा तिथे मिणमिणता होतो. माझ्या आकृतीत रेषा कर्णाजवळ, म्हणजे दोन्ही वस्तुमाने सारखी होतात त्या तिरक्या रेषेजवळ, येताच आत वळते ती यामुळे. हिग्जच्या जोडीदारांची, म्हणजे हिग्सिनोंची, गोष्ट तर अधिकच अंधारी आहे. त्यांच्यावरची मर्यादा २००० साली बंद झालेल्या लेप या जुन्या यंत्राने सुमारे १०० जीईव्हीपर्यंत (हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) नेली होती, आणि आजही ती २०० जीईव्हीच्या फारशी पुढे सरकलेली नाही. गंमत म्हणजे हिग्जचे ते जुने दुखणे बरे करायला सर्वांत जास्त हलके असायला हवेत ते हेच.

तरीही सूझीची बाजू घेताना मला एक अडचण जाणवते, आणि ती प्रांजळपणे मांडायला हवी. या सिद्धान्ताच्या सर्वांत साध्या आवृत्तीतही १०५ नवी, मनाप्रमाणे बदलता येणारी प्राचले आहेत. कण ५०० जीईव्हीला दिसला नाही, तर तो हजाराला असेल. हजाराला नाही, तर दोन हजारांना. २०१२ च्या ४ जुलैला हिग्ज १२५ जीईव्हीला सापडला, तेव्हा तो सूझीच्या मर्यादेत बसतो म्हणून काहींनी पेढे वाटले, आणि तो तिथे बसायचा तर टॉप क्वार्कचे जोडीदार बरेच जड हवेत म्हणून काहींनी कपाळाला हात लावला. दोघेही बरोबर होते. २००० साली कोपनहेगनमध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी सूझी सापडेल की नाही यावर पैज लावली होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिचा निकाल लागला आणि हरलेल्यांना कोन्याकच्या बाटल्या द्याव्या लागल्या. त्याच महिन्यात, आदल्या डिसेंबरपासून नव्या कणाची चाहूल म्हणून गाजत असलेला आलेखातला ७५० जीईव्हीचा उंचवटा, ज्यावर आठ महिन्यांत सुमारे पाचशे शोधनिबंध लिहिले गेले होते, नव्या विदेत (डेटात) विरून गेला. मला त्या पाचशे निबंधांचा राग येत नाही. तिसरी घटना उघडण्यापूर्वीचा तो तास मी स्वतः अनुभवलेला आहे.

या सगळ्यात एक मराठी नाव मला वारंवार भेटत राहिले. रोहिणी गोडबोले पुण्याच्या, स. प. महाविद्यालयातून पदवी, पुढे आयआयटी मुंबई, मुंबई विद्यापीठात अध्यापन, आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. मानुएल ड्रेस आणि प्रोबीर रॉय यांच्यासह त्यांनी २००४ मध्ये या जोडीदार कणांवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ माझ्या टेबलावर कायम पालथा पडलेला असे. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनांच्या भावी यंत्रांत फोटॉनांच्या आपसातल्या टकरींमुळे किती नको असलेला कचरा निर्माण होईल, याचे गणित त्यांनी ड्रेस यांच्याबरोबर मांडले आणि अशा यंत्रांचे आराखडे करणाऱ्यांना ते विचारात घ्यावे लागले. नव्या कणांची स्वप्ने पाहणाऱ्या विषयात राहून त्यांनी जमिनीचा हिशोब इतक्या निगुतीने केला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

मी आता एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाला विद्युतचुंबकत्व शिकवते. २०२२ पासून १३.६ टीईव्हीला नव्या टकरी झाल्या, आणि सुधारलेले यंत्र २०३० च्या सुमारास सुरू झाले की कालांतराने माझ्या काळातल्या विदेच्या वीसपट विदा गोळा व्हायची आहे. कर्णाजवळच्या त्या अंधाऱ्या पट्ट्यात मंद म्युऑन आणि इलेक्ट्रॉन शोधणारी मुले आज जी धडपड करतात, ती माझ्या कामापेक्षा कितीतरी अवघड आहे.

गेल्या दिवाळीत मामांनी ताटली पुढे केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारले, "यंदा कुठवर नाही?" मी कालनिर्णयचे जुने पान उलटे करून दोन अक्ष काढले, माझ्या वेळची रेषा काढली, तिच्या थोडी बाहेर नवी काढली. ते वाकून बघत होते. मग त्यांनी बेसनाच्या लाडवाचे तूप लागलेले बोट कर्णाजवळच्या कोऱ्या चिंचोळ्या जागेवर ठेवले.

"आणि इथे?"

"इथे अजून अंधार आहे, मामा."

"मग इथलं 'नाही' म्हणू नकोस," ते म्हणाले, आणि कागदावर तुपाचा गोल डाग तेवढा राहिला.